इंजिनाची पिकदाणी

माझ्या थोरल्या साडूंनी आजवर एकही वस्तू दुकानातून आली तशी वापरलेली नाही. वस्तू करणाऱ्याने ती अर्धीच करून बाजारात पाठवली आहे आणि उरलेली अर्धी पुरी करायचं काम आपल्या गळ्यात टाकलं आहे, अशी त्यांची ठाम समजूत आहे. त्यांच्या घरभरणीला आम्ही हौसेने मिक्सर दिला, तेव्हा त्यांनी आभार मानायच्या आधी खिशातून पेचकस काढला आणि पाहुण्यांच्या देखत मिक्सर उपडा करून त्याचे चारही पाय सोडवले. "रबर हलकं घातलंय," ते अत्यंत समाधानाने म्हणाले. दोष सापडला नसता तर त्यांना वाईट वाटलं असतं.

आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. रेवदंड्याला त्यांची नारळी-पोफळीची लहानशी वाडी आहे. उभी नोकरी सरकारी कचेरीत फायलींना दोरे बांधण्यात गेली आणि त्या फायलींत काहीही सुधारता आलं नाही याची कसर ते निवृत्त झाल्यापासून घरात भरून काढतात. छत्रीतून ओघळणारं पाणी पोटऱ्यांवर पडतं म्हणून त्यांनी छत्रीच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकची छोटी पन्हळ शिवली. पोटऱ्या खरंच कोरड्या राहिल्या, पण एस.टी.च्या रांगेत ते जरा वाकले आणि पन्हळीत साचलेलं सगळं पाणी मागे उभ्या असलेल्या बाईंच्या मासळीच्या पाटीत गेलं. मच्छरदाणीतून बाहेर न येता चहा घेता यावा म्हणून त्यांनी तिला एक खिडकी केली, आणि त्या खिडकीतून डास येतात म्हणून खिडकीला आणखी एक लहान मच्छरदाणी लावली. कुकरच्या वाफेने स्वयंपाकघराचा रंग उडतो म्हणून शिट्टीला नळी जोडून ती भिंतीबाहेर काढायचा बेतही झाला होता. तो मात्र ताईंनी हाणून पाडला. ताई म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, दादांची बायको. "माझ्या कुकरला हात लावलात तर तुमची शिट्टी वाजवीन," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

या सगळ्या सुधारणांचा मुकुटमणी म्हणजे दादांची गाडी. सात माणसं बसतील अशी जुनी टर्बो डिझेल गाडी आहे. तिचं बॉनेट मी उघडं जास्त पाहिलंय आणि मिटलेलं कमी. शेजारच्या वाडीतला पोपटसुद्धा म्हणे "पाना दे, पाना दे" असं ओरडायचा. मी पोपट पाहिलेला नाही, पण माझा विश्वास बसतो.

गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर एका संध्याकाळी दादा अलिबागला आमच्या दारात उभे राहिले. उजव्या हाताची तर्जनी वर केलेली आणि ती मुळापासून काळीकुळकुळीत. माझ्या बायकोने घाबरून विचारलं, "दादा, बोट चेमटलं की काय?"

"चेमटलं न्हाय. पुरावा हाय," दादा म्हणाले. टर्बोच्या, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या, तोंडाशी जाणारा हवेचा पाइप सोडवून त्यांनी आत बोट फिरवलं होतं आणि तेच बोट, न धुता, एका हाताने गाडी चालवत, रेवदंड्याहून मला दाखवायला आणलं होतं. चहाही त्यांनी डाव्या हाताने घेतला. मग माझी शिकवणी झाली. इंजिन चालताना थोडा धूर आणि तेलाची वाफ त्याच्या पोटात उतरते. ती बाहेर सोडायची नाही म्हणून कंपनी एका नळीने ती पुन्हा हवेच्या वाटेवर आणून सोडते. टर्बो ती गिळतो, तेल पुढे जातं, त्यात काजळी मिसळते आणि वर्षानुवर्षं आत चिकटा साठत राहतो. "म्हणजे बघ," दादा म्हणाले, "माणसानं खाकरून आलेलं परत गिळावं, तसं चाललंय हिचं!" यावर उपाय त्यांनी मोबाइलवर पाहून ठेवला होता. त्या नळीच्या मध्ये एक बंद डबा बसवायचा. वाफ डब्यात शिरते, आतल्या जाळीवर तेल अडकून खाली साठतं आणि कोरडी हवा तेवढी पुढे जाते. डब्याच्या बुडाला तोटी, ती मधूनमधून उघडून साठलेलं काढून टाकायचं. त्याचं नाव ऑइल कॅच कॅन.

घरी ताईंनी हे सगळं आधीच ऐकून घेतलं होतं आणि त्यांनी या वस्तूचं बारसं तिथल्या तिथे केलं होतं. "म्हणजे इंजिनाला पिकदाणी," त्या म्हणाल्या होत्या. सुपारीच्या गावात याहून नेमकं नाव सापडलं नसतं. दादा सोडून सगळे तेच म्हणू लागले.

डबा कुरिअरने आला त्या रविवारी मला मदतीला बोलावणं आलं. माझं काम बॅटरी धरायचं. मी ग्रंथालयात नोकरी करतो, त्यामुळे माझ्या हाती याहून जोखमीचं काही द्यायचं नाही, हे दादांनी पूर्वीच ठरवून टाकलं आहे. त्यांनी आधी गाडीवर माडाचा नारळ पडू नये म्हणून वर सुपारीच्या पोत्यांचं छत बांधलं. त्यात अर्धी सकाळ गेली. मग डबा कुठे बसवायचा यावर विचार झाला. टर्बोजवळ नको, तिथे तापेल. खाली नको, खड्ड्यात आपटेल. शेवटी गाडीच्या बॅटरीच्या बाजूला लोखंडी पट्टी वाकवून जागा केली. इंजिनाच्या डोक्यावरून निघणारी मूळ नळी सोडवली, तिच्या जागी एक पाइप डब्यात आणि डब्यातून दुसरा पाइप हवेच्या वाटेला. एवढंच काम, पण दादा एकेक क्लॅम्प आवळत होते, सोडत होते आणि पुन्हा आवळत होते. त्यांच्या तोंडाचा पट्टा नेहमी चालू असतो, त्या दिवशी मात्र तो बंद होता. मी दोनदा मुद्दाम चुकीच्या जागी उजेड पाडून पाहिला. ते रागावलेसुद्धा नाहीत.

मग मान इंजिनात घातलेली तशीच ठेवून ते म्हणाले, "हिच्या गळ्याला गाठ आलीय."

मला वाटलं, पाइपबद्दल बोलतायत. मी बॅटरी पुढे केली. "कुठल्या पाइपला?"

"पाइपला न्हाय रे. तुझ्या ताईच्या."

बॅटरी माझ्या हातात तशीच राहिली. दादांनी डोकं वर काढलं नाही. पनवेलच्या डॉक्टरांनी सुई घालून गाठीतलं काढून घेतलं होतं, ते तपासायला दिलं होतं आणि गुरुवारी बोलावलं होतं. ताईंनी कुणाला सांगू नका म्हणून बजावलं होतं. अगदी सख्ख्या बहिणीलाही. "गुरुवारी वाटेत गाडीनं दगा दिला तर?" दादा इंजिनाला विचारावं तसं म्हणाले. त्या गाडीने इतक्या वर्षांत कधी दगा दिलेला नव्हता. मी बॅटरीचा उजेड पुन्हा क्लॅम्पवर धरला.

दुपारी जेवून आम्ही दोघं गाडी तपासायला निघालो. अलिबाग मागे पडलं, कार्लेखिंडीचा चढ लागला, गाडीने जोर घेतला आणि निम्म्या चढावर जळक्या तेलाचा भपकारा आला. बॉनेटच्या फटींतून निळा धूर. दादांनी गाडी कडेला घेऊन बंद केली. बॉनेट उघडलं तर तेल मोजायची कांडी आपल्या जागेवरून उडून बाजूला पडलेली, तिच्या भोकातून उडालेलं तेल तापल्या इंजिनावर चरचरतंय, आणि दादांनी लावलेला पाइप उन्हात विसरलेल्या मेणबत्तीसारखा चपटा झालेला. वाफेला जायला वाट उरली नव्हती, तेव्हा तिने कांडीचं भोक गाठलं होतं.

दादा रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले. वाहनं जात होती, कुणीतरी हॉर्न वाजवला, त्यांचं लक्ष नव्हतं. मग ते म्हणाले, "काढून टाकू या आपण हे." दादांनी आपली सुधारणा मागे घेतल्याचं मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं, आणि मला खिंडीतल्या धुरापेक्षा त्या वाक्याची भीती वाटली. इंजिन निवल्यावर आम्ही मूळची नळी परत बसवली, कांडी जागेवर खोचली, तेल पाहून घेतलं आणि हळूहळू गाडी माघारी आणली. डबा माझ्या मांडीवर होता.

ताई ओटीवर सुपाऱ्या निवडत बसल्या होत्या. माझ्या मांडीवरून हातात आलेला डबा त्यांनी पाहिला. मला वाटलं, आता सुटका झाली म्हणून हसतील. दादा हात धुवायला मागे गेले तशा त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, त्यांनी सांगितलं ना तुम्हाला?"

मी मान हलवली.

"मला वाटलंच. आता ऐका. तो डबा परत बसवायला लावा त्यांना. हाताला काम न्हाय मिळालं तर माझ्या गळ्याकडं बघत बसतात. सकाळी बघतात, जेवताना बघतात. मला घास गिळवत न्हाय." आणि मग दादा येताना दिसले तशी मोठ्याने म्हणाल्या, "व्हय हो, पिकदाणी काढून आणलीत? एवढा खर्च करून? माझ्या घरात अर्धवट काम चालायचं न्हाय!"

दादा ओटीच्या पायरीवर उभेच राहिले. ज्या बाईने कुकरपासून मच्छरदाणीपर्यंत त्यांच्या प्रत्येक कामाला विरोध केला, ती हे बोलत होती. त्यांच्या चेहऱ्यावर काय काय आलं ते सांगणं मला जमणार नाही. ते एवढंच म्हणाले, "पाइप चुकला. डबा बरोबर हाय."

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून त्यांच्याबरोबर चौलच्या मिस्त्रीकडे गेलो. मिस्त्रीने चपटा पाइप हातात घेतला, वास घेतला आणि विचारलं, "दादा, हा वाडीत पाणी घालायचा ना?" दादांनी कबूल केलं. त्यातून आत काय चाललंय ते दिसतं म्हणून त्यांनी तो वापरला होता. मिस्त्री हसला, पण वाईट हसला नाही. तेल आणि ताप सोसणारा जाड काळा रबरी पाइप त्याने दिला, तो मुरडणार नाही असा वळवून दोघांनी मिळून बसवला, आणि मग तिघं खिंडीपर्यंत जाऊन आलो. कांडी जागची हलली नाही. मिस्त्रीने परतताना मागच्या सीटवर झोप काढली. दादांना यापेक्षा मोठं प्रमाणपत्र नको होतं.

गुरुवारी सकाळी आम्ही चौघं निघालो. माझ्या बायकोला आदल्या दिवशी मीच सांगितलं होतं. बहीण आपल्यापासून लपवते म्हणून ती आधी रडली, मग चिडली आणि मग डब्यात घावणे भरून गाडीत येऊन बसली. पोयनाड, वडखळ, पेण... दादा गाडी अशी चालवत होते की जणू मागे अंड्यांच्या पाट्या आहेत. ताईंनी एकदाच विचारलं, "तुमची पिकदाणी काय म्हणते?" दादा म्हणाले, "गप हाय." मग पनवेलपर्यंत तेही गप्प.

डॉक्टरीण तरुण होती. तिने कागद पाहिला आणि पहिल्या वाक्यातच सांगून टाकलं की घाबरण्यासारखं काही नाही, गाठ साधी आहे, सहा महिन्यांनी परत दाखवा. ताईंनी डोळे मिटले. माझ्या बायकोने त्यांचा हात इतका घट्ट धरला की त्यांच्या बांगड्या वाजल्या. दादा मात्र खुर्चीत पुढे सरकले.

"पण डॉक्टर, आत होतं काय?"

"पाणी, काका. पाण्याने भरलेली गाठ होती. सुईने काढलं ना आम्ही ते."

"सगळं काढलंत?"

"जवळजवळ सगळं."

"परत साठलं तर?"

"तर परत काढू," डॉक्टरीण हसून म्हणाली.

दादांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू जगात आपल्यासारखं विचार करणारं आणखी एक माणूस भेटलं. जाताना त्यांनी तिच्या टेबलाचा डुगडुगणारा पाय पाहिला, खाली वाकले, खिशातल्या पुठ्ठ्याची घडी त्याच्याखाली सारली आणि मगच बाहेर आले. ताईंनी त्यांना अडवलं नाही.

गाडीशी आल्यावर कुणी आत बसेना. दादांनी बॉनेट उघडलं, एक रिकामी बाटली डब्याखाली धरली आणि तोटी फिरवली. तपकिरी, दाटसर, पिठल्यासारखं काहीतरी थेंबाथेंबाने खाली आलं. चार चमचेही भरलं नसेल. दादांनी बाटली उन्हात धरली. "हे बघ," ते ताईंना म्हणाले, "हे सगळं आत गेलं असतं." आणि हे म्हणता म्हणता त्यांना रडू फुटलं. एका हातात बाटली, दुसऱ्या हातात पुसायचं फडकं, आणि रडणं काही आवरेना. त्या फडक्यानेच त्यांनी डोळे पुसले, त्यामुळे दोन्ही गालांवर काळे पट्टे उमटले. ताईंनी पदराचं टोक ओलं करून ते पट्टे पुसायला सुरुवात केली. पट्टे पसरत गेले. माझी बायको रडता रडता हसायला लागली.

पार्किंगचा राखणदार धावत आला. "काय झालं काका? गाडी बंद पडली का?"

"न्हाय रे बाबा," ताई दादांचा गाल पुसत म्हणाल्या. "गाडी बरी हाय."

वडखळला आम्ही घावणे खाल्ले आणि त्यावर वडेही खाल्ले. इतकी भूक लागल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. दादांनी हॉटेलच्या नळातले दोष सांगितले, बिलातल्या चुका सांगायच्या बेतात होते, आणि आम्ही तिघं कान देऊन ऐकत होतो. त्यांची बडबड कधी संपू नये असं वाटणारा माझ्या आयुष्यातला तो एकमेव दिवस.

सहा महिन्यांनीही ताई बऱ्या निघाल्या. दादा मात्र थोडे थकले आहेत. पाना फिरवताना मनगट दुखतं, चष्म्याचा नंबर वाढला आहे, आणि बॉनेट पूर्वीपेक्षा जास्त वेळ मिटलेलं असतं. परवा ताई सहज म्हणाल्या, "इतकी वर्षं गाडी हाय, एकदा मला नुसतं फिरायला न्या. कामाबिमाला नको." म्हणून आम्ही चौघं खाडीवरचा पूल ओलांडून काशीदच्या किनाऱ्याला निघालो. ऊन उतरत होतं, खिडक्या उघड्या होत्या, ताई पुढे बसून काहीबाही गुणगुणत होत्या. एका चढावर गाडीतून बारीक टकटक सुरू झाली. मलासुद्धा ऐकू आली, म्हणजे दादांना त्याच्या कितीतरी आधी आली असणार. मी मागून पाहिलं, त्यांचे कान ताठ झाले होते. पाय ब्रेककडे गेला आणि तिथेच थांबला.

ताईंचं गुणगुणणं थांबलं. "कसला हो आवाज येतोय?"

दादांनी ताईंकडे एकदा पाहिलं आणि गाडी तशीच चालू ठेवली.

"समुद्राचा आसंल," ते म्हणाले.

समुद्र अजून दोन वळणं पुढे होता.