हळू म्हटलेलं गाणं

"पुढचं सांग, मागचं मले येते."

हे मावशीचं रोजचं वाक्य. मी कागदावरची एक ओळ वाचायचो, ती डोळे मिटून ओठांतल्या ओठांत घोळवायची. चुकून मी तीच ओळ पुन्हा वाचायला लागलो की पायरीवर बोटाने टकटक करायची आणि हे म्हणायची.

तिच्याबद्दल लिहिण्याचा याला काय अधिकार, हा प्रश्न तुम्हाला पडण्याआधी मलाच पडला आहे, म्हणून आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्या आधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. बाबा ऑटो चालवतात, आई शाळेत खिचडी शिजवते. घरात लिहिण्याचं काम म्हणजे फॉर्म भरणं, आणि ते मी सातवीपासून करतो आहे. याशिवाय माझ्या हातून लिहून झालेल्या फक्त चार ओळी आजवर लोकांपर्यंत पोचल्या, आणि त्या चारही खोट्या आहेत. त्या ओळी पुढे येतीलच. त्यांच्यासाठीही माफी, पण ती मावशीने मागू दिली असती असं वाटत नाही.

मावशी नात्याची नव्हे; वर्ध्यात आमच्याच गल्लीत, टोकाच्या खोलीत राहायची. समाजाने गोंड. सासर तळेगावच्या पलीकडे, जंगलाला लागून. तिथून दोघी नणंदा आल्या की खोलीत गोंडी, आमच्याशी वऱ्हाडी, आणि स्टेजवर अशी मराठी की आमच्या शाळेच्या बाईंनी खाली मान घालावी. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, तो लवकर गेला. मूल नव्हतं. मग ती एका नाटक कंपनीत कपडे सांभाळायला लागली. एका प्रयोगाला राणीचं काम करणारी बाई आलीच नाही. मावशीने राणीच्या शालूला इस्त्री करता करता राणीचं सगळं भाषण ऐकून पाठ केलं होतं. तिने शालू खुंटीवर अडकवण्याऐवजी स्वतःच्या अंगावर घातला.

त्यानंतर तीस वर्षं, दिवाळीपासून होळीपर्यंत, ती झाडीपट्टीच्या, म्हणजे जंगलपट्ट्यातल्या गावोगावच्या, नाटकांत होती. राणी झाली, खाष्ट सासू झाली, वकीलबाई झाली, एकदा फौजदारही झाली. तिथे कोणी तिला तिची जमात विचारली नाही. वाचता येतं का, हेही विचारलं नाही, कारण तिथे प्रॉम्प्टर सगळ्यांनाच वाचून दाखवतो.

पुढे गुडघे दुखू लागले, दौरे सुटले आणि मावशी जनजागृतीच्या पथनाट्यांत आली. इथे पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं की ती आदिवासी आहे.

म्हणजे ते तिला आधी माहीत होतंच. पण पथनाट्यवाल्यांना तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं. प्रत्येक नाटकात एक अडाणी आदिवासी बाई असायची आणि शहरातली एक ताई येऊन तिला शहाणं करायची. संस्थेची मंडळी पहिल्या दिवशी मावशीसाठी पिसांचा मुकुट घेऊन आली.

"हे पिसं कशाचे हायेत?" मावशीने विचारलं.

"कोंबडीची. रंगवून घेतली आहेत."

"कोंबडी तुमी खाल्ली असन. मले पिसं देता काय?"

मुकुट मग तिने घातला, कारण काम होतं. घरी आल्यावर ती पायरीवर बसून मला म्हणाली, "तीस वर्सं राणी झाली, बापू. आता हात धुवायले शिकून राह्यली."

या नाटकांत प्रॉम्प्टर नसायचा, कागद मिळायचे. म्हणून ती माझ्याकडे आली. मी अकरावीत होतो. कागद पुढे करून म्हणाली, "माहा चश्मा तुटला, वाचून दाखवजो." चष्मा पुढे दुरुस्त झाला, नवा आला, तोही जुना झाला. वाचणं माझ्याकडेच राहिलं. त्याबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही.

प्रत्येक नव्या कागदावर तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे.

"माहं नाव काय लिवलं?"

"आदिवासी स्त्री, क्रमांक दोन."

"एक नंबर कोण हाय?"

"ती बँकेतल्या साहेबांची मुलगी आहे, मावशी."

"मंग बराबर हाय," ती म्हणायची, "पुढचं सांग."

मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला असताना एक सिनेमा आमच्या जिल्ह्यात आला. जंगलावरचा, आदिवासींवरचा, गंभीर. निवडीसाठी वर्ध्यात एक हॉल घेतला होता. मावशी ठेवणीतली नायलॉनची साडी नेसून, चष्मा लावून गेली. दिग्दर्शकाच्या सहायकाने तिला नम्रपणे सांगितलं, "आजी, तुमचा चेहरा चांगला आहे, पण आदिवासी वाटत नाही."

ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. चष्मा काढून, फाटकं लुगडं नेसून, अनवाणी. आदल्या दिवशीचाच सहायक उठून उभा राहिला. "अशी कोणीतरी आम्ही महिनाभर शोधतोय," तो म्हणाला. पुढे शूटिंगच्या वेळी तिला काळा रंग लावून त्यावर माती चोळत. "मले माह्यासारखं दिसायले दोन तास लागते," असं ती गल्लीत सगळ्यांना सांगायची.

पण कागद आले तेव्हा मी वाचलं आणि थांबलो. भूमिकेला नाव होतं. रूपाबाई.

"पुन्हा वाच," मावशी म्हणाली. मागचं तिने पुन्हा वाचायला सांगितलं, असं तेव्हा पहिल्यांदा झालं. मी चार वेळा वाचलं.

रूपाबाईचा तरुण मुलगा मारला जातो आणि ती प्रेतावर गोंडीतून शोक करते, असा प्रसंग होता. कागदावर लिहिलं होतं, "येथे पारंपरिक शोकगीत." ते मी वाचलं आणि मावशी पायरीवरून उठून आत गेली. चहाचं पातेलं उगाच घासत राहिली.

बऱ्याच वेळाने तिने सांगितलं. ते गाणं तिला येत होतं, पण तिच्या गावात ते खऱ्या मेलेल्या माणसासाठीच म्हणतात. त्याच्या नावाने हाक मारत मारत म्हणायचं असतं. एरवी कोणी गुणगुणतसुद्धा नाही. शिकायचं तर मयताच्या घरी म्हाताऱ्यांच्या शेजारी बसून. जित्या माणसावर म्हटलं तर आधी गेलेले लोक, आपल्याला कोणाला न्यायला बोलावलं, ते बघायला येतात.

"पण तू नाटकात शंभर वेळा रडलीस की," मी म्हणालो.

"मराठीत रडली. मराठीत रडलं तं कोणी येत नाई."

मग हसून म्हणाली, "आता ते येते कोणाले? मले आन माह्या दोघी नणंदायले. तिघीच रायलो. जे पयले जाईन तिची चंगळ हाय, दोन गळे भेटन तिले. शेवटची जे राहीन तिच्यासाठी कोणी नाई." आणि पातेलं पालथं घालून, "म्हणून मले पयले जायचं हाय."

मी कॉलेजातला असल्यामुळे सल्ला दिला. म्हटलं, दिग्दर्शकांना खरं सांग. शिकलेले आहेत, समजून घेतील.

सेलूच्या पलीकडे जंगलाच्या कडेला शूटिंग होतं. मावशीला ओळी सांगायला म्हणून मलाही नेलं होतं. तिने दिग्दर्शकांना सगळं सांगितलं. त्यांनी खरंच समजून घेतलं. डोळे भरून आले त्यांचे. खिशातून वही काढून त्यांनी शब्द न् शब्द लिहून घेतला. "किती सुंदर श्रद्धा आहे ही," ते म्हणाले. "याचंही एक दृश्य करू. तर मग आधी गाणं घेऊ या?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. माझ्या सल्ल्याची किंमत तिथेच झाली.

"साहेब, त्या पोराची माय असन ना कुठं?" तिने प्रेताकडे बोट दाखवलं. प्रेत पुण्याहून आलेलं होतं, दंड कमावलेले, आणि खुर्चीवर बसून उकडलेली अंडी खात होतं.

"आजी, मला तुमच्या मातीतलं दुःख हवं आहे."

"दुःख कायचं? त्याले तं काई झालं नाई. चौथं अंडं खाऊन राह्यला."

सगळे हसले. मग सहायकाने हळूच सांगितलं की वर्ध्याच्या एक संगीतशिक्षिका आहेत, त्या आजींकडून शब्द पाठ करून घेतील, त्यांनाही रूपाबाई करता येईल. आजींनी मनाला लावून घेऊ नये.

मावशी थोडा वेळ पळसाच्या झाडाखाली बसली. मग उठून म्हणाली, "लाव मशीन."

तो मुलगा अंडी संपवून, तोंड पुसून आडवा झाला. मावशीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि गायला लागली. मला गोंडी येत नाही. पण इतकं हळू, इतकं खोलातून आलेलं मी काही ऐकलं नव्हतं. रंगरंगोटी करणारा माणूस रडायला लागला. लाइट धरणारे दोघे रडले. दिग्दर्शकांनी "कट" म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांच्याच्याने ते म्हणवेना. मेलेल्या मुलाच्या डोळ्यांतूनही पाणी आलं, म्हणून तेवढा भाग पुन्हा घ्यावा लागला.

मी मात्र घाबरून झाडांकडे बघत होतो. एका नावासाठी तिने ते म्हटलं, असं मला वाटलं, आणि सल्ला माझा होता.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. सेलू गेल्यावर म्हणाली, "हळदीचं होतं."

"काय?"

"नवरीले हळद लावतेत ना, तवाचं गाणं. पोरी, सासू कशी असन देव जाणे, तिची एक कोंबडी लपवून खाजो, असं हाय त्याच्यात. मांडवात आमी नाचून नाचून म्हणतो." मग पदराने चेहऱ्यावरचा उरलेला काळा रंग पुसत म्हणाली, "हळू म्हटलं तं कोणतंबी गाणं रडते, बापू. त्या पोराले काई होणार नाई. झालं तं लगन होईन."

आठवडाभराने सहायकाचा फोन आला. पडद्याखाली गाण्याचा अर्थ द्यायचा होता, तो आजींकडून लिहून पाठवा. मी कागद घेऊन पायरीवर बसलो. मावशी वांगी चिरत होती.

"लिव तुह्या मनानं. जंगल, माती, माय, असं काई. त्यायले तेच पायजे."

आणि मी लिहिलं. हे जंगला, माझ्या लेकराला कुशीत घे. हे माती, त्याची पावलं जपून ठेव. अशा चार ओळी. त्या याच.

सिनेमा वर्ध्यात दाखवला तेव्हा मावशी तिसऱ्या रांगेत माझ्या शेजारी बसली होती. तिने आधीच बजावून ठेवलं होतं, "माहं नाव आलं का हाताले चिमटा घेजो." शेवटी नावं वर सरकू लागली. तिचं आलं, रूपाबाईच्या समोर. मी चिमटा घेतला. "दिसलं," ती म्हणाली, इतक्या मोठ्याने की पुढच्या रांगेतल्या साहेबांनी वळून पाहिलं.

त्या सिनेमाचं फार नाव झालं. आमच्या मराठीच्या सरांनी वर्गात फळ्यावर त्या चार ओळी लिहिल्या आणि सांगितलं की असा आदिम शोक नागर कवीला कधीच साधणार नाही. मी दुसऱ्या बाकावर बसून ते उतरवून घेतलं. अंतर्गत परीक्षेत त्या ओळींचं रसग्रहण पाच गुणांना आलं. मला तीन मिळाले. सरांनी शेरा दिला होता, "अनुभवाशी समरस व्हा."

मावशीला हे सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की ठसका लागला. "दोन गुण कोंबडीचे कापले," म्हणाली.

तिचे सत्कार सुरू झाले. प्रत्येक ठिकाणी शाल, नारळ, आणि "आजी, ते गाणं." ती म्हणायची, "घसा बसला." कार्यक्रम संपल्यावर माझ्याशी बोलायला घसा ठीक असायचा. खोटं पडद्यावर एकदा झालं, ते पुन्हा पुन्हा करायला तिला नको होतं. मी एकदा विचारलं, खरं काय ते सांगून टाकू का. ती म्हणाली, "नोको. रडले बिचारे. रडलेले लोक परत कोण हासवते."

मी एमएला नागपूरला आलो. निघताना ती पायरीवर होती. "वाचायले कोण आता?" मी विचारलं. "आता पुढचं काई नाई," ती म्हणाली. "मागचं मले येते. येजो."

माझी परीक्षा होती म्हणून घरच्यांनी मला कळवलं नाही. बातमी आठ दिवसांनी पोचली, तीही गल्लीतल्या एका मित्राने फोनवर पाठवलेल्या व्हिडिओतून. आधी व्हिडिओ आला, मग खाली लिहिलेलं आलं, "मावशीची शोकसभा." मी ते दोन शब्द कितीतरी वेळ वाचत राहिलो.

सभा त्याच हॉलमध्ये होती, जिथे तिचा चेहरा आदिवासी वाटला नव्हता. हार घातलेला फोटो सिनेमातला, काळा रंग लावलेला. आमचे सर बोलले, त्यांनी चार ओळी म्हटल्या. मग पडद्यावर तो प्रसंग लावला. हॉलमध्ये मावशीचा आवाज भरला, नवरीला हळद लागली, सासूची कोंबडी लपवली गेली आणि लोकांनी रुमाल काढले.

मित्राने मोबाइल मागे वळवला होता. शेवटच्या रांगेत दोघी नणंदा बसल्या होत्या. गाणं सुरू झालं तसं त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि पदर तोंडात कोंबला. खांदे गदगदत होते. शेजारच्या बाईने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

पडदा बंद झाला. आता दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या, असं माइकवरून सांगितलं गेलं. सगळे उठले. त्या दोघीही उठल्या, तोंडातला पदर काढला आणि म्हणायला लागल्या. एक सुरू करायची, दुसरी उचलायची. आवाज पातळ झालेले, पण दोन होते.

"मागच्या भगिनींनी कृपया शांतता राखावी," माइकवरून आवाज आला. "श्रद्धांजली चालू आहे."

त्या थांबल्या नाहीत. गोंडी मला येत नाही. पण दर दुसऱ्या ओळीत एक शब्द येत होता आणि तो मला कळत होता. ते तिचं नाव होतं. ते पहिल्यांदा आलं तेव्हा मी माझ्याच हाताला चिमटा घेतला.