तीन शिफ्टमध्ये वाचलेला धारूरकर

पुस्तकांवर मत देणारे मराठीत पुष्कळ आहेत. पण आधी पुस्तकाचे हॅक्सॉ ब्लेडने तीन तुकडे करून मग मत देणारा वाचक या भूतलावर एकच आहे, आणि ते माझे साडू आहेत. तुकडे माझ्याच पुस्तकांचे असतात. मी सिडकोत राहतो, एका कचेरीत कारकुनी करतो आणि उरलेल्या वेळात रहस्यकादंबऱ्या लिहितो. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आक्कांचे, यजमान. मूळचे पाचोडचे, पण उमर वाळूजच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर गेली आणि बिऱ्हाड बजाजनगरात रुजलं. नवं पुस्तक आलं की पहिली प्रत मी त्यांना नेऊन देतो. ते ती उलटीपालटी करून बघतात, बाइंडिंगवर अंगठा फिरवतात आणि म्हणतात, “कापाया बरं हाय.”

कापण्यामागचा त्यांचा हिशेब सरळ आहे. प्रत एक आणि वाचणारे तीन: ते स्वतः, खुलताबादचे शेखभाई आणि गल्लीतलाच एक फिटर. तिघंही एका कारखान्यात, पण तीन वेगळ्या शिफ्टला. एकाचं वाचून होईस्तोवर बाकीच्यांनी काय तोंडाकडे बघत बसायचं? म्हणून पुस्तकाचे तीन भाग होतात, प्रत्येकाला खोक्याचा पुठ्ठा लागतो, वरून सुतळी बांधली जाते. फर्स्ट शिफ्टवाल्याला पहिला भाग, सेकंडवाल्याला दुसरा, नाइटवाल्याला तिसरा. आठवड्याने शिफ्ट बदलली की भाग बदलतो. अशी तीन आठवड्यांत कादंबरी तिघांचीही वाचून होते, फक्त ओळीने वाचायचं भाग्य एकालाच लाभतं. फिटरच्या वाट्याला बहुधा मधला भाग आधी येतो, त्यामुळे त्याचं मत कायम एकच असतं, की पुस्तकात नुसती चौकशीच चालली आहे. शेखभाईंच्या नशिबी नेमकी नाइट येते. एकदा सकाळी मी आंघोळीला निघालो असताना त्यांचा फोन आला. “भाईसाब, कातिल तो मिल गया, पन मरा कौन, ये तो बताओ.” मी सांगितलं. ते हळहळले आणि म्हणाले की माणूस चांगला असेल तर आठवड्याने भेटेलच.

साडूंची मतं मात्र तिन्ही भाग वाचून झाल्याशिवाय येत नाहीत. महिनाभराने त्यांचा फोन येतो, आणि त्यांनी आजवर माझ्या एकाही पुस्तकाला चांगलं म्हटलेलं नाही. माझा गुप्तहेर इन्स्पेक्टर धारूरकर. त्याच्यावर यांचा फार जीव, पण तो मी नीट सांभाळत नाही अशी त्यांची कायमची तक्रार. पहिल्याच कादंबरीवर ते म्हणाले होते, “पाव्हणं, दोन दिस झाले, तो उपाशी फिरतोय. मानूस हाय का भूत?” दुसऱ्या कादंबरीत मी त्याला प्रकरणागणिक जेवू घातलं, तर म्हणाले, “सारखा जेवतोय, खुनी कधी धरनार?” एकदा मी मामाला खुनी केलं. त्या वर्षी साडूंच्या भाच्याचं लग्न होतं आणि हे त्याचे एकुलते एक मामा. मांडवात कुणी काही म्हटलं नव्हतं, कारण मांडवात कुणी ती कादंबरी वाचलीच नव्हती, पण यांनी अक्षता हातात तशाच धरून मला गाठलं. “सोयऱ्याधायऱ्यातला मानूस कामून धरता? बाहेरचा कुनी सापडंना व्हय?” तेव्हापासून माझे खुनी बाहेरगावचे असतात.

त्यातून ते जागा बघून येणारे वाचक. खुनाची जागा मी लिहिली आणि साडू सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलवर तिथं गेले नाहीत असं झालं नाही. एका कादंबरीत मी खुलताबादच्या चढाला, वळणाखालच्या ओढ्यात प्रेत टाकलं होतं. हे शेखभाईंना मागे बसवून गेले आणि ओढ्यात उतरून काठीने झुडपं सारू लागले. तिथं एक बाई मेंढरं चारत होती. तिने विचारलं, “काय हुडकता, दादा?” साडू म्हणाले, “मयत.” बाईने मेंढरं वळवली आणि वस्तीवरची माणसं बोलावून आणली. शेखभाईंच्या ओळखीचं कुणीतरी त्यांत निघालं म्हणून दोघं चहा पिऊन परतले. फोनवर माझ्याबद्दलचं मत असं पडलं, की ओढ्याला पाणी नाही, प्रेत वाहून जाईल कसं? मी म्हटलं, कादंबरीत पावसाळा आहे. ते म्हणाले, “मग आधी सांगाया पायजे. आमी उन्हाळ्यात गेलो.”

हे सगळं मी घरी रागाने सांगत असे आणि बायको हसत असे. पण खरं सांगायचं तर नवं पुस्तक आल्यावर मी वाट बघायचो ती याच फोनची. प्रकाशक विक्रीखेरीज काही बोलत नसत, कचेरीतले लोक मुखपृष्ठ बघून परत देत. मग प्रकाशकांनी कळवलं की आता ही मालिका थांबवू या. मीही थकलो होतो. शेवटच्या कादंबरीत खुन्याला धरताना मी धारूरकरला मारलं, प्रत बजाजनगरला नेऊन दिली आणि वाट बघत बसलो. महिना गेला, दुसराही गेला. फोन आला नाही. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. मी स्वतः फोन केला तर साडू हवापाण्याचं बोलले, लेकरं बरी आहेत म्हणाले आणि ठेवून दिला.

मग त्यांच्या नातीचं बारसं निघालं. जेवणाच्या पंगतीत फिटर माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, “पाव्हणं, यांच्याकून तिसरा भाग हारपला. सारी गल्ली लटकून हाय. खुनी कोन, तेवढं सांगा.” मी सांगायला तोंड उघडलं, तोच वाढता वाढता साडूंनी हातातली वरणाची बादली खाली ठेवली, मला दंडाला धरून आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं. कपाटावर लग्नातल्या भांड्यांमागे एक प्लास्टिकची पिशवी होती. तिच्यात तिसरा भाग, पुठ्ठा, सुतळी, सगळं जसंच्या तसं.

“शेखभाईनं वाचला,” ते म्हणाले. “सकाळी गेटवर भेटला, तर चहा घेईना. म्हनला, अपना आदमी गया. मी त्याच्या हातातून घेतला अन् हितं ठिवला. कुनाला सांगितलं नाय. त्यानं बी नाय.”

“तुम्ही वाचला नाही?”

“मयत झाल्यालं कळल्यावर वाचून काय करू?”

प्रकाशकांचं कारण सांगावं असं वाटलं, पण ते कारण त्या खोलीत फार लहान वाटलं असतं. शेवटी मी एवढंच विचारलं, की मग पुस्तकाबद्दल तुमचं मत काय?

साडूंनी पिशवी पुन्हा भांड्यांमागे सरकवली. “पहिले दोन भाग लई चांगले हायत,” ते म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बाहेर आलो तर फिटर हात धुवायचे सोडून उभाच होता. “सापडला का?” त्याने विचारलं. साडू बादली उचलत म्हणाले, “नाय. पाव्हणं नवा लिवून देनार हायत.” पंगतीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेखभाईंनी पाहिलं नाही. ते पानातला भात कालवत राहिले.

तेव्हापासून मी रोज पहाटे उठून तिसरा भाग लिहितो आहे. प्रकाशक तो छापणार नाहीत, प्रत एकच निघणार आणि कापायचीही गरज नाही. धारूरकर जखमी आहे, पण जेवतो आहे. घाई एवढ्याचसाठी, की साडू आता निवृत्त होणार आणि आक्कांना घेऊन कायमचे पाचोडला जाणार. शेखभाईही खुलताबादला मुलाकडे जायचं म्हणतात. मालिका पुढे चालवीन असं अजून कुणाला बोललेलो नाही, पण पुढच्या खुनाची जागा डोक्यात आली आहे आणि ती पाचोडच्या बाजाराजवळची आहे. फक्त पाचोडला शिफ्ट नसते. एकट्याने, न कापता, सलग वाचलेलं पुस्तक साडूंना आवडेल का, ते मला सांगता येत नाही.