मास्तरांची काचेची बशी

भिंगारला आमच्या शेजारी कॉलेजातला एक रसायनाचा मास्तर राहायचा. माणूस तिरसट, बोलताना भिंतीकडं बघायचा. माझी बायको गेली तेव्हा सगळी आळी धीर द्यायला आली, हा आला न्हाई. मी स्टोव्ह पेटवायचा सोडला होता. कुणी ताट पाठवलं तर तसंच परत जायचं.

एका सकाळी हा काचेची बशी घेऊन आला. तीत पिवळ्या जिलेटिनचा पातळ थर होता. मधोमध औषधाचा थेंब सोडून म्हणाला, “बाबा, लष्कराच्या गाड्यांनी माझ्याकडं ही हादरते. तुमच्याकडं ठेवा. हलवू नका, नुसती बघा.”

आमची दोघांची भिंत एकच. हादरा काय माझं घर चुकवून जातो? तरी ठेवून घेतली.

थेंबाभोवती लाल कडं धरलं, मग कोरी जागा, मग दुसरं कडं. संध्याकाळी तो आल्यावर मी विचारलं, “मधी कोरं का हो?”

“जिलेटिनात कालवलेलं तिथलं मीठ पहिल्या कड्यानं ओढून घेतलं. थेंबातलं औषध पुढं सरकलं, तिथं दुसरं धरलं.”

“म्हंजे अजून धरतील?”

“धरतील की.”

तो बशी उचलायला लागला.

“राहू द्या ती,” मी म्हणालो. “बसा, चहा टाकतो.”

“साखर कमी,” मास्तर भिंतीला म्हणाला.