दर तासाला

दुपारचं जेवण अंगावर आलंय. स्क्रीनवर निंबकर साहेबांचा हुकूम उघडा आहे: रुग्णालयाच्या मेल सर्व्हरवरचा अँटिव्हायरस यापुढे दिवसातून एकदाच अपडेट करायचा, मेल संथ होते. सेटिंगमध्ये तसं टाकलंय, ‘सेव्ह’ दाबायचं तेवढं राहिलंय. मी डोकं टेबलावर टेकते, आणि समोरच्या खुर्चीत मुजावर सर बसलेले असतात. मला हे काम त्यांनीच शिकवलं. ते वारले त्याला वर्ष होत आलं.

"दिवसातून एकदा?" ते म्हणतात. "मेल तपासतेस का दात घासतेस?"

"सर, साहेबांनी सांगितलंय."

"श्वासही त्यांना विचारूनच घेतेस वाटतं."

खोलीला भिंती नाहीत. आम्ही रुग्णालयाच्या फाटकात उभे आहोत. पहारेकरी येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा हातातल्या फोटोंशी ताडून बघतोय. माणसं सरळ आत जातायत.

"कालच्या चोरांचे फोटो आहेत ते," सर तुच्छतेनं हसतात. "आजचे चोर सलाम ठोकून आत चाललेत. तुझे निंबकर त्यांना चहासुद्धा पाजतील."

फाटकाच्या आत अतिदक्षता विभाग आहे. खाटांवर कोणी नाही. नर्स रक्ताच्या रिपोर्टसाठी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत उभी आहे, आणि पडदा काळा आहे.

"रिपोर्ट मेलनंच येतात ना इथं?" सर विचारतात.

मी मान हलवते.

"मग दर तासाला विचारायचं, नव्या चोरांचे फोटो आलेत का. नसतील तर सर्व्हर गप परत येतो. त्याला कसलं ओझं? ओझं तुमच्या साहेबाच्या डोक्याला. रिकामं भांडं लवकर तापतं."

मला राहवत नाही. "सर, शेवटी फार त्रास झाला का हो?"



"विषय बदलू नकोस," ते म्हणतात, आणि नळाखाली ओंजळ धरून सगळं पाणी माझ्या तोंडावर मारतात. "ऊठ, गाढवे!"

मी उठते. बाहेर ऊन आहे. ‘दिवसातून एकदा’ खोडून ‘दर तासाला’ करते, सेव्ह करते. निंबकर साहेबांना फोन लावून तसं सांगते. ते ओरडतात, मी ऐकून घेते.

मग ओढणीनं चेहरा पुसते. ओढणी ओली होते, आणि तिला नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचा वास येतो. रडण्याला असा वास नसतो.