गुडघ्यावरचा बर्फ

पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मी तीस वर्षं द्राक्षं थंड केली. शेतातून आलेल्या घडाला हात लावला की त्यात किती ऊन उरलंय ते मला कळायचं. त्यामुळे गुडघा बदलल्यावर फिजिओथेरपिस्ट मुलगी रोज नाशिकच्या घरी यायला लागली आणि बर्फ कसा लावायचा ते मला शिकवू लागली, तेव्हा हसूच आलं. मनात म्हटलं, पोरी, मला थंडी शिकवतेस?

व्यायामाने जीव कासावीस व्हायचा. मग ओल्या पंच्यात बर्फ गुंडाळायचा, पंधरा मिनिटं गुडघ्यावर ठेवायचा आणि काढायचा. ठणका कमी व्हायचा, सूज उतरायची. मी ते इतकं चोख केलं की तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "काका, असंच राहिलं तर पुढच्या आठवड्यात माझी सुट्टी."

ती खुशीत होती. मी मात्र नाही. बायको जाऊन चार वर्षं झाली, मुलगा बेंगळुरूला. दिवसभरात माझ्याशी बोलणारी ही एकटीच. ती येणार म्हणून मी रोज दाढी करायचो.

दुसऱ्या दिवसापासून मी बर्फ बंद केला. अक्कल गहाण ठेवली, दुसरं काय. गुडघा टम्म फुगला, रडू येईल इतका ठणकला, पण ती येत राहिली. "बर्फ लावलात ना?" ती विचारायची. "हो तर," मी बिनदिक्कत सांगायचो.

पाचव्या दिवशी तिने गुडघ्यावर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला. "काका, हा गरम आहे. तुम्ही बर्फ लावत नाही. आत्ता वाकला नाही ना, तर आखडून बसेल." तिचे डोळे भरून आले होते. तिला वाटलं, शिकवण्यात आपलंच काहीतरी चुकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी खरं कारण काही तोंडातून निघेना.

"आजपासून लावतो," एवढंच म्हणालो, आणि लावला.

गुडघा वाकला. शेवटच्या दिवशी तिने माझा हात धरून मला दोन मजले उतरवलं. "बघा, जमलं की नाही?" म्हणत तिने स्कूटर सुरू केली. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत मी फाटकाशी उभा राहिलो. मग एकटाच वर आलो. सगळा जिना चढलो, कुठेही दुखलं नाही.