नुसतं माप

"थांबा. आधी मध्ये काहीतरी घाला," काकू म्हणाल्या.

दागिने दाखवणारी मुलगी हिरव्या खड्यांचा हार घेऊन माझ्या मानेशी आली होती. ती थबकली. तिला कळलंच नाही.

"म्हणजे, मॅम?"

"अहो, हिच्या अंगाला लागायला नको. रेवा घालणार आहे तो."

मुलीने खणातून दागिने पुसायचं मऊ फडकं काढलं. घडी घालून माझ्या गळ्यावर ठेवलं. त्यावर हार. जरा आधी तोच हार काकूंनी स्वतःच्या गळ्यात घालून पाहिला होता. तेव्हा फडकं लागलं नव्हतं.

समोर आरसा. आरशात मी, फडकं, हार. 

मी रत्नागिरीची. शहराबाहेर काकूंची आंब्याची बाग संपते तिथे आमची वाडी. माझ्या जन्माआधीपासून आई त्यांच्याकडे धुणीभांडी करते. भांडी घासते, पण घासलेली भांडी आत नेऊन लावत नाही. मागच्या पडवीत पालथी घालून येते. का, ते मी लहानपणी विचारलं होतं. आईने मला पाणी आणायला पिटाळलं होतं.

रेवा काकूंची मुलगी. शाळेत आम्ही एका वर्गात. तिचे जुने फ्रॉक, मग ड्रेस, माझ्याकडे यायचे. कधी उसवायला लागले नाहीत की आत घ्यायला लागले नाहीत. ती लंडनला गेली, मी इथे कापडाच्या दुकानात लागले. तिचं लग्न ठरलं, पण ती येणार अगदी लग्नाच्या तोंडावर. म्हणून काकूंनी आईला सांगितलं, "हिला माझ्याबरोबर मुंबईला पाठव. दोघींचं अंग एकच आहे."

आईने मला न विचारता हो म्हटलं. मी दुकानातून रजा घेतली. खरं सांगते, मला आनंद झाला होता. आदल्या दिवशी केस धुतले, चांगला ड्रेस इस्त्री केला.

मोठ्या नावाचं ठिकाण. त्याला दुकान म्हणायचं नाही, सलोन म्हणायचं. खाली कपडे, वर दागिने. दारातला माणूस मला वाकून नमस्कार करतो. एक मुलगी हसत पुढे येते, "अभिनंदन, मॅम," म्हणते आणि माझ्या हातात कॉफी देते.

काकू हसल्या. "नाही हो, ही कसली नवरी! हे नुसतं माप आहे."

ही नाही. हे.

मुलीने माझ्या हातातला कप परत घेतला. मी अजून ओठाला लावलाही नव्हता.

मग उभं राहायचं. लेहेंगा अंगावर, हात बाजूला, शिंपी मास्तर टाचण्या लावतोय. आयुष्यात पहिल्यांदा रेवाचा कपडा तिच्या आधी माझ्या अंगावर चढला होता. एक टाचणी कमरेत घुसली. मी कळवळले.

"कापडाला रक्त नाही ना लागलं?" काकू म्हणाल्या.

त्याच चोळीत मला वर नेलं. तिथे ते फडकं.

"फडकं दिसतंय. आत खोचा," असं म्हणून काकूंनी लंडनला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर रेवा. किती वर्षांनी दिसली. मी हसले.

"रेवा..."

"आई, फोन खाली घे ना जरा. चेहरा नको मध्ये." फोन खाली गेला. "हां. आता मस्त दिसतंय."

तेव्हा माझ्या आत काहीतरी थंड झालं. राग नव्हता तो. राग नंतर आला.

मी हात मागे नेले. हाराचा आकडा सोडला. हार त्या मुलीच्या हातात दिला. फडकं काढून काकूंच्या मांडीवर ठेवलं.

"काय गो? काय झालं?"

"काकू, मी माप नाही. मी घरी जाते."

"कानातले राहिलेत अजून. गप बस."

"नाही."

रेवा सगळं ऐकत होती.  मग पडदा काळा झाला.

"तुझ्या आईला काय सांगू मी?"

"झालं ते सांगा."

खाली जाऊन मी माझा ड्रेस घातला. रस्त्यावर आले. मिळाली ती एसटी पकडली. पहाटे रत्नागिरीच्या फाट्यावर, हातखंब्याला उतरले, टपरीवर चहा घेतला. कुणाला तरी सांगावं म्हणून फोन काढला. हातात धरून बसले. लावण्यासारखं एकही नाव नव्हतं. फोन परत पिशवीत टाकला.

घरी काकूंचा फोन माझ्या आधी पोचला होता.

"तुझा काय अडला होता गो?" आई ओरडली. "फडका होता, जळता इंगळ नव्हता!"

"आई, तुला भांडी आत का नेऊ देत नाहीत?"

 ती पाठ फिरवून कामाला गेली. परत आली ती काकूंचा निरोप घेऊनच. "वहिनी सांगतायत, येऊन पाया पड. त्या विसरतील."

"मी नाय जाणार."

तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नाही. वाडीतल्या बायाही मी नळावर गेले की गप्प होतात. पाठीमागे म्हणतात, चार बुकं शिकली आणि माज चढला.

लग्न झालं. सनई आमच्या अंगणापर्यंत ऐकू येत होती. आई तिकडे भांड्यांना. मी घरात एकटी, दार लावून. रडले. खोटं कशाला सांगू.

आई आली, भात लावायला बसली. मी तिच्यासमोर जाऊन बसले.

"आई, मी पाया पडणार नाही. तुझं काम गेलं तर माझ्या पगारात दोघी जेवू. तू बोलली नाहीस तरी मी इथेच राहीन. पण त्यांच्यापुढे वाकणार नाही. आज नाही, कधीच नाही."

आईने वर पाहिलं नाही. तांदूळ धूत राहिली.

नाही बोलली तर नाही बोलली. माझं ठरलंय.