पेशींची शाळा

हसायचं असेल तर कप आधी खाली ठेवा. कारण या भानगडीत दोष दुसऱ्या कुणाचा न्हाई, सगळं शहाणपण माझं एकट्याचं!

मी वरवंडचा. निम्मी हयात मेंढरांमागं चाललो, आता शेवंती लावतो. गेल्या साली डावा खुबा असा धरला, की साधा बांध चढताना देव आठवायचा. सून शोभा मला पुण्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाई तरणी, पण बोलायला गोड. फोटो बघून म्हणाली, "आबा, खुब्याच्या हाडाला रक्त पोचत नाहीये. हाड आतून मरायला लागलंय. खचलं, तर ते काढून धातूचा खुबा बसवावा लागेल."

धातूचा! म्हंजी मी गेल्यावर मला भंगारवाल्याकडं नेणार का?

"घाबरू नका. तुमच्याच कमरेच्या हाडातून मूळपेशी काढू, खुब्यात सोडू. त्या नवं हाड बांधतात. आता तर आरएनए म्हणून एक निघालंय. चिठ्ठीच समजा. पेशी ती वाचते आणि सांगितलेलं काम करते."

बाई पुढंही बरंच बोलली. पण माझं डोकं चिठ्ठीपाशीच अडकलं. पेशी माझ्या. मी शाळेची पायरी चढलो न्हाई. शेळीच्या पोटी कधी घोडं जन्मतं का? मग माझ्या पेशींना वाचता कुठनं येणार? बसतील बिचाऱ्या चिठ्ठी हातात धरून, आन् हाड राहील तसंच!

ऑपरेशनला तीन आठवडे होते. घरी येताच म्हणालो, "शोभा, मला वाचायला शिकव."

"मामा, या वयात? आन् कशापायी?"

"खुब्यापायी."

तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

मग रोज फुलं निवडता निवडता ती शिकवायची, मी पाटीवर गिरवायचो. खोटं कशाला बोलू? दुसरा हात कमरेवर ठेवायचो, जिथनं पेशी काढणार तिथं. धडा नीट आत पोचावा म्हणून! जोडाक्षर आलं की दोनदा मोठ्यानं म्हणायचो.

शेजारच्या बबननं ते ऐकलं. कुंपणावरनं ओरडला, "आबा, सरपंचकीला उभं राहताय व्हय?"

"न्हाई रं बाबा, हाडाचं काम हाय."

"आवं, राजकारणाला हाडाचाच माणूस लागतो!"

दुसऱ्या दिवशी तिघंजण पॅनेलचं विचारायला दारात. चहा पाजून कसंबसं घालवलं.

ऑपरेशनच्या दिवशी मी छाती काढून डॉक्टरीणबाईला म्हणालो, "बाई, मुळाक्षरं पक्की झाली. जोडाक्षराला जरा अडखळतील, तवा चिठ्ठी सोपी लिहा."

बाईनं शोभाकडं बघितलं. शोभानं माझ्याकडं. मग मी सगळं सांगितलं. बाई मटकन खुर्चीत बसली, डोळे पुसत म्हणाली, "आबा, आरएनएचं अजून संशोधन चालू आहे, हे तेव्हाच सांगितलं होतं हो! तुम्हाला नुसत्या पेशी देणार. आणि त्यांना अक्षरं नाही लागत, काम येतं त्यांना!"

शोभा पदर तोंडाला लावून भिंतीकडं वळली.

आता इज्जत कशी राखायची? म्हणालो, "असू द्या. पण ऑपरेशनच्या संमतीचा कागद मी स्वतः वाचणार आन् सही करणार."

एकेक अक्षर लावत बसलो. तेवढ्यात दोन पेशंट माझ्या पुढं आत गेले. शेवटी घाम पुसून झोकात सही ठोकली. नर्सनं कागद बघितला. "आबा, ही साक्षीदाराची जागा. मग पेशंट कोण, मी?"

नवा कागद आला. शोभानं शाईचा पॅड पुढं सरकवला. मी अंगठा उठवला, आन् एका मिनिटात आत!

चार महिने झाले. परवा नवा फोटो काढला. बाई म्हणाली, हाड भरतंय, आता बहुतेक धातू लागायचा न्हाई.

बघा म्हंजी! पेशींनी एक अक्षर न वाचता हाड बांधलं. आन् मी सगळा कागद वाचून अंगठा दिला.